घडीवरची जागा

आंतरदेशीय पत्राच्या आतल्या बाजूला ऐसपैस लिहिता येतं आणि शेवटी, डिंकाची पट्टी चिकटवायच्या घडीवर, चार बोटं जागा उरते. आमच्या घरात या पत्राची वाटणी ठरलेली होती. आतली सगळी जागा तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची. घडीवरची चार बोटं आईची.

आण्णा पलटणीत. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री. पत्ता लिहिताना नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी '99 ए.पी.ओ.' एवढंच लिहायचं. गाव नाही, जिल्हा नाही. मला लहानपणी वाटायचं की नव्व्याण्णव ए.पी.ओ. हे एखादं मोठं गाव असेल आणि तिथं सगळ्यांचे वडील राहत असतील. ईशान्येकडच्या पलटणींची टपाल त्या नंबरावर जाते, हे फार पुढं कळलं.

मी तिसरीत जाईपर्यंत पत्रं शाळेतले गुरुजी लिहून देत. तात्या ओसरीवर बसून सांगायचे, गुरुजी लिहायचे. आई स्वयंपाकघराच्या दाराआड. तिला परक्या पुरुषासमोर नवऱ्याला काही सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. मग गुरुजी आपल्याच मनानं खाली लिहायचे, 'सौ.चा शिरसाष्टांग नमस्कार.' आईचं पत्र तेवढंच. 1970 साली माझं अक्षर लागण्याजोगं झालं तशी लेखणी माझ्याकडं आली आणि त्या दिवसापासून घडीवरची जागा आईची झाली.

तात्यांचा मजकूर पाठ होता मला. 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल असून तुमची खुशाली वरचेवर कळवीत जावी.' मग मनीऑर्डर पोचली, बांधाचा तंटा, बैलाचा खूर, सोसायटीचं कर्ज. हे झालं की तात्या उठून चावडीवर जायचे. ते मुद्दाम उठायचे हे आता कळतं. मी पत्र घेऊन चुलीपाशी जायची.

"आई, सांग."

ती बराच वेळ सांगायची नाही. भाकरी थापायची. मग एकदम म्हणायची, "लिव, परड्यातल्या आंब्याला मोहर आलाय." मी लिहायची. "अजून?" "झालं." मला राग यायचा. चार बोटं जागा आणि त्यात आंब्याचा मोहर! कधी 'पोरगी तेराचा पाढा म्हणती', कधी 'औंदा जोंधळा बरा हाय'. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, 'माझी आठवण काढा' असं म्हणायचं नाही. आमच्या गावच्या कुठल्याच बाईच्या पत्रात ते नसायचं. पण ती चार बोटं तिनं कधी रिकामी जाऊ दिली नाहीत.

एकदा सोडून. त्याच्याकडं मी येणार आहे.

आमचा भाग साताऱ्याचा पूर्वेकडचा. पाऊस महाबळेश्वरावर पडून संपतो आणि आमच्याकडं नुसते ढग येतात. जमिनीचे तुकडे, त्यात चार भाऊ. एकानं पलटणीत जायचं हा इथला हिशेब शौर्याच्या आधी पोटाचा आहे, आणि असं म्हटल्यानं शौर्य कमी होतं असं मला वाटत नाही. जिल्ह्यातलं अपशिंगे तर नावानंच 'अपशिंगे मिलिटरी'. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं कामी आली आणि इंग्रज सरकारनं तिथं स्तंभ उभा केला. त्या युद्धानंतर सरकारनं गावोगावी दगडाच्या पाट्या बसवल्या. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीतही एक आहे. तिच्यावर दोन आकडे आहेत. या गावातून किती गेले, आणि त्यातले किती परत आले नाहीत. नाव एकाचंही नाही.

मी त्या पाटीखाली खेळले, त्याच गावच्या शाळेत पुढं शिक्षिका झाले. त्या पाटीवर आकडेच का आहेत, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नाही.

पलटण आणि बाई यांचा इतिहास एकेरी नाही, हे आधी सांगून टाकते, नाहीतर कुणी म्हणेल बाईंनी फौजेची तक्रारच मांडली. कंपनी सरकारच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांबरोबर मुलींनाही शिक्षण सक्तीचं होतं, असं बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या काळात गावच्या शाळेची पायरी अस्पृश्य मुलाला चढता येत नव्हती, त्या काळात छावणीत त्यांच्या घरच्या बायका वाचायला शिकल्या. मग एकोणिसावं शतक संपताना 'लढाऊ जाती'चं खूळ निघालं, महारांची भरती बंद झाली आणि भरतीबरोबर ते शाळेचं दारही मिटलं. 1917 साली माणसं कमी पडली तेव्हा सरकारला पुन्हा महार पलटण आठवली आणि युद्ध संपल्यावर 1921 मध्ये ती मोडलीही. सुभेदारांचा मुलगा 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला. तो दिवस आता आम्ही शाळेत विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. त्या छावणीतल्या शाळेत शिकलेल्या मुलींचा मात्र दिवस नाही.

आणि पगार, पेन्शन, कॅन्टीनचं सामान, हे सगळं घरात आलं ते पलटणीमुळंच. माझं डी.एड. त्याच पैशावर झालं. पण मनीऑर्डर यायची तात्यांच्या नावे. आईच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावचे पैसे पडले ते आण्णा गेल्यावर, कुटुंब निवृत्तिवेतनाचे. बँकेच्या पासबुकावर आपला फोटो बघून ती लाजली होती.

आता 1971.

माझ्या पाठचा भाऊ त्या वर्षी जूनमध्ये झाला. आण्णांनी त्याला पाहिलं नव्हतं. कार्तिकात त्याला ताप आला. तालुक्याला न्यायला एस.टी. दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ती सकाळ त्याच्या वाट्याला आली नाही. मी चौथीत होते. आईनं त्याला जे लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं होतं, ते फडकं नंतर कितीतरी दिवस दोरीवर तसंच होतं, कुणी काढलं नाही.

थोड्याच दिवसांत लढाई लागली. रेडिओ सरपंचांच्या घरी होता, तिथं माणसांची गर्दी व्हायची. तात्यांनी मला बोलावलं आणि पत्र लिहायला बसवलं. नेहमीसारखं. 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल असून...'

मी थांबले. तात्यांकडं पाहिलं.

"लिव," ते म्हणाले.

"पण तात्या, बाळ..."

"लढाईवरच्या माणसाला घरचं दुःख कळवायचं न्हाई. लिव."

तात्या स्वतः दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. तिथं असताना त्यांची आई गेल्याचं पत्र त्यांना मिळालं होतं. तीन दिवस बंदूक सरळ धरता येईना, असं त्यांनी मला पुढं एकदा सांगितलं. म्हणजे त्यांचंही काही चूक नव्हतं. कठोर माणूस असता तर मला त्याच्यावर रागवून मोकळं होता आलं असतं. पण लिहिताना त्यांचा आवाज हलला होता, आणि मजकूर तोच होता. बैलाचा खूर, बांधाचा तंटा. मी ते सगळं लिहिलं. नऊ वर्षांची होते मी, आणि मला अक्षर चांगलं काढायचं एवढंच माहीत होतं. 'खुशाल'मधला 'श' मी फार सुरेख काढला होता, हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते.

मग तात्या उठून गेले. मी चुलीपाशी गेले.

"आई, तुझं काय लिहू?"

ती चुलीत बघत बसली. मी पुन्हा विचारलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे मोकळी ती जागा."

मी पट्टीला थुंकी लावून पत्र बंद केलं.

आण्णा तेव्हा जमालपूरला होते. पलटणीच्या माणसांना ती लढाई तोंडपाठ असते. आण्णाही ती गणपतीच्या रजेत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आमच्या ब्रिगेडनं जमालपूरची नाकेबंदी केली होती आणि जंगी पलटण शहराच्या दक्षिणेकडचा रस्ता अडवून बसली होती. 9 डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी आत अडकलेल्या पाकिस्तानी बलुच पलटणीच्या कमांडरला शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली. एक म्हातारा गावकरी ती घेऊन गेला. उत्तर आलं लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांचं, आणि त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. मजकुराचा मतलब असा की, तुमचा हात लेखणीवर चांगलाच बसलेला दिसतो. पुढच्या भेटीला तोच हात स्टेनगनवर दिसावा. दहा तारखेच्या रात्री ते आमच्या पलटणीच्या अंगावरूनच बाहेर पडायला आले, मोठी कत्तल झाली, आणि अकराला जमालपूर पडलं.

ही गोष्ट सांगताना आण्णा पेन आणि स्टेन यावर हमखास हसायचे आणि ओसरीवरची सगळी माणसं हसायची. शत्रूचं बोलणं असलं तरी त्यातली गंमत आमच्या माणसांना मान्य होती. लेखणी म्हणजे बसून करायचं काम, मर्दाच्या हातात स्टेन शोभते. मीही हसायची. पुढं शाळेत इतिहास शिकवताना माझ्या ध्यानात आलं की त्या लढाईत दोन्ही सेनापतींनी आधी कागदच हातात घेतला होता. आणि त्याच आठवड्यात एका चौथीतल्या पोरीनं लिहिलेलं पत्र त्याच रस्त्यानं त्या पलटणीकडं चाललं होतं. त्यात गोळी नव्हती एवढंच.

जानेवारीअखेर आण्णा रजेवर आले. सगळं घर दारात उभं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाळ कुठाय, असं त्यांनी विचारलं नाही. ट्रंक ओसरीवर ठेवली आणि ते सरळ परड्यात गेले, आणि दोरीवरचं ते फडकं त्यांनी काढून हातात घेतलं. आम्हाला वाटलं की वाटेत कुणीतरी सांगितलं असणार. तात्या कितीतरी दिवस त्या सांगणाऱ्याचा शोध करत होते.

पुढची काही वर्षं गाळते. शिक्षण, लग्न, बदल्या. मग नोकरीच्या शेवटी शेवटी मी आपल्याच गावी आले आणि सातवीचा वर्ग घेतला.

2015 च्या नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात धारातीर्थी पडले. जिल्हा हेलावून गेला. पोरांनी टीव्हीवर सगळं पाहिलं होतं. मी वर्गाला निबंध दिला, 'सैनिकाचे मनोगत'. चाळीस वह्या तपासल्या आणि चाळीसच्या चाळीस निबंध एकच होता. बर्फ, सीमा, तिरंगा, रक्ताचा शेवटचा थेंब. निम्म्या पोरांच्या घरात खरेखुरे सैनिक. कुणाचा बाप, कुणाचा चुलता, कुणाचा आजा. आणि त्यांच्या वहीतला सैनिक मात्र गाईडमधून आलेला. त्याला गुडघेदुखी नाही, कर्ज नाही, बायको तर नाहीच.

त्या रात्री मला आमची आंतरदेशीय पत्रं आठवली. दुसऱ्या दिवशी मी कोरे कागद नेले, पोरांकडून ते पत्रासारखे दुमडून घेतले. चावडीवरची पाटी दाखवून आणली. ते सालच कुतच्या वेढ्याच्या शंभरीचं होतं. मेसोपोटेमियात, आताच्या इराकमध्ये, तैग्रीस नदीच्या काठी कुत अल अमारा इथं इंग्रजांची पुणे डिव्हिजन डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तीत तीन मराठा पलटणी होत्या, 103, 110 आणि 117 नंबरच्या. यातली 103 म्हणजेच आमची जंगी पलटण. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले, पण आपल्यातल्या पुष्कळांनी धर्माचं म्हणून ते मांस खाल्लं नाही. शेवटी तेरा हजारांवर माणसं शरण गेली आणि वाळवंटातून चालवत नेली गेली. त्यातली किती परत आली याचा हिशेब करताना पोरं गप्प झाली.

मी म्हटलं, आपल्या पाटीवरच्या आकड्यातला एक जण त्या वेढ्यात आहे असं धरा. 1916 चा शिमगा. त्याच्या घरून पत्र लिहायचंय. आतल्या बाजूला त्याचा बाप सांगतो ते लिहा आणि घडीवरच्या चार बोटांत त्याची बायको सांगते ते.

पहिला प्रश्न एका मुलीनं विचारला. "बाई, वेढ्यात टपाल जात नसंल तर ते पत्र पोचणारच न्हाई. मग लिहायचं कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, तिला कुठं माहीत होतं वेढा पडलाय ते.

आणि मग त्या वर्गानं मला जो इतिहास विचारला, तो मी तीस वर्षांत शिकवला नव्हता. तेव्हा गावात पोस्ट होतं का? तिला लिहिता येत होतं का? नव्हतं तर कुणी लिहिलं? त्याला वाचता येत नसेल तर तिथं कुणी वाचून दाखवलं, आणि दुसरा माणूस वाचणार म्हटल्यावर ती काय सांगेल? पगार कुणाच्या हातात? ती माहेरी जाऊ शकत होती का? एकानं विचारलं, "बाई, तिचं वय काय धरायचं?" आम्ही हिशेब केला आणि कुणाच्या तरी तोंडून 'आपल्याएवढीच' असं निघालं, तेव्हा मुली एकमेकींकडं बघायला लागल्या.

मी त्यांना सांगितलं, की त्याच युद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सरकार उघडून वाचायचं, आणि त्या तपासणीसाठी केलेली भाषांतरं लंडनच्या ग्रंथालयात अजून आहेत. शिपायांचा आवाज त्यामुळं, म्हणजे सरकारच्या संशयामुळं, टिकला. त्यांत बायकांची पत्रं फारच थोडी. हेही सांगितलं की आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले 1856 साली माहेरी आजारी असताना जोतीरावांना पत्र लिहीत होत्या, स्वतःच्या हातानं, आणि त्यात भावाशी झालेला वाद सविस्तर होता. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे चौदा वर्षांची असताना तिचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. आपलं दुःख आपल्या भाषेत लिहिणं ही त्या काळीसुद्धा जमलेली गोष्ट होती. मग साठ वर्षांनी आमच्या गावची ती बाई दाराआडच का होती? पोरांनी याचं उत्तर आपापल्या आज्यांना जाऊन विचारलं. तिथून खरी कामाला सुरुवात झाली. कुणाच्या पणजीनं सती जायच्या गोष्टी सांगाव्यात तशी दिराशी पाट लावल्याची हकिगत आली. कुणी जात्यावर म्हटल्या जाणाऱ्या ओव्या घेऊन आलं, ज्यांत भाऊ पलटणीत असल्याचा अभिमान आणि तार येण्याचं भय एकाच दळणात होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी पुढाकार घेऊन अशा लाखावर ओव्या गोळा केल्या आहेत. बायकांची ती टपालच म्हणायची, तिला पत्ता नव्हता एवढंच.

(दिराशी लग्नाची गोष्ट जुनी समजू नका. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेनं पुन्हा लग्न केलं तर पदकाबरोबरचा भत्ता बंद व्हायचा आणि दिराशी केलं तर चालू राहायचा. ही अट निघाली 2017 साली.)

वर्गात एक पोरगा होता, अंगानं दांडगा, भरतीसाठी आतापासून पळणारा. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, बायकोचं मी लिहिलं तर चालंल का?" कुणीतरी ऐकलं आणि आठवडाभर त्याला 'वयनी' म्हणून चिडवलं. तो चिडला, एकाला त्यानं मारलंही. पण लिहिलं. त्याच्या चार बोटांत एवढंच होतं, की कुत्र्यानं तुमची वहाण नेली होती ती शोधून आणली, जोड पुरा करून ठेवलाय. मी तीस वर्षांत तपासलेल्या वह्यांत याच्यापेक्षा चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही, आणि मी त्याला दहापैकी किती द्यायचे म्हणून पेन हातात धरून बसून राहिले.

आता माझ्या चुकीचं.

एका मुलीनं पत्र 1916 चं लिहिलंच नाही. तिनं आपल्या घरचं लिहिलं. आतल्या बाजूला वडलांची सगळी सेवा, पदकं, कुठं कुठं पोस्टिंग. आणि घडीवर, बारीक अक्षरात, की रिटायर होऊन आल्यावर पप्पा रात्री ओरडून उठतात, मग आम्ही तिघी भिंतीला टेकून बसतो, आई दिवा लावत नाही कारण उजेडात त्यांना आम्ही दिसलो की त्यांना वाईट वाटतं.

मला वाचून भरून आलं. इतकं खरं लिहिणारी मुलगी आपल्या वर्गात आहे याचा अभिमान वाटला. आणि 26 जानेवारीला, झेंडावंदनानंतर, मी निवडक पत्रं माइकवर वाचली त्यांत तेही वाचलं. नाव घेतलं नाही. पण गावात नाव घ्यावं लागत नाही. माजी सैनिक पुढच्या ओळीत, पदकं लावून बसले होते. तिचे वडीलही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. मी भांडणाची तयारी करून बसले होते. ते वर्गाच्या दारात उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"बाई, तिनं खोटं लिहिलं न्हाई," ते म्हणाले. "पर ते तुमच्यासाठी लिहिलं हुतं. तुमी माइकवर का वाचलं?"

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि गेले. पुन्हा कधी शाळेत आले नाहीत. मुलीनं त्यानंतर वर्षभर जे जे निबंध लिहिले ते सगळे गाईडमधले होते, एकही चूक नसलेले. बर्फ, सीमा, तिरंगा. मी तिच्या वहीवर 'छान' असा शेरा मारत राहिले. दुसरं काय मारणार?

घडीवरची जागा कुणाला दाखवायची हे लिहिणाराच ठरवतो, हे मला आईनं शिकवलं होतं आणि मी माइक हातात आल्यावर विसरले. त्या माणसाला रात्री काय होतं, याला नाव आहे, औषध आहे, हे आता तरी बोललं जातं. तेव्हा गावात त्याला एकच शब्द होता, 'पितोय'. तो माणूस पीत नव्हता.

नंतरच्या वर्षांत पुष्कळ बदललं. 2017 मध्ये कर्नल महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईची अकादमी पुरी करून स्वतः लेफ्टनंट झाल्या. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा निकाल दिला. साताऱ्याची सैनिक स्कूल, 1961 ची, देशातली पहिली. सैनिक शाळांत 2021-22 पासून मुलीही आल्या. 2022 मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही गेल्या. आमच्या गावच्या मैदानावर पहाटे आता पोरींचीही पळापळ असते. मला आनंद आहे. फक्त त्यांच्याही घरून जी पत्रं जातील, आता पत्रं नाही, व्हॉट्सअॅप, त्यांत 'सगळं ठीक आहे' लिहिणारा कोण असेल, असं मनात येतं. आता कदाचित बाप असेल.

आण्णा 2018 च्या पावसाळ्यात गेले. दिवस झाल्यावर त्यांची काळी पत्र्याची ट्रंक उघडली, पांढऱ्या रंगानं नंबर लिहिलेली. बूट, पगडीचं कापड, पेन्शनचे कागद आणि सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा. माझ्या अक्षरातली सगळी पत्रं. प्रत्येकावर त्यांनी पोचल्याची तारीख घातली होती, फौजी शिस्तीनं, कोपऱ्यात.

मी आईला वाचून दाखवायला बसले. मोहर, तेराचा पाढा, जोंधळा. ती हसायची, काही तिला आठवायचं, काही नाही. मग ते पत्र आलं. तात्यांचा मजकूर मी भरभर वाचला आणि थांबले.

घडीवर अक्षर नव्हतं. पोचल्याची तारीख इतर पत्रांसारखी कोपऱ्यात नव्हती. ती या मोकळ्या जागेच्या मधोमध लिहिलेली होती, 19-12-71, आणि तिच्याखाली पेन्सिलीनं एक आडवी रेघ.

"पुढं वाच की," आई म्हणाली.

"पुढं काही नाही, आई. हे ते पत्र."

तिनं हात पुढं केला. मी कागद तिच्या हातात दिला. तिला सहीपुरतंच येतं, 1959 च्या ग्रामशिक्षण मोहिमेत कंदिलाच्या उजेडात शिकलेलं, तेही आता थरथरत. पण तो कागद तिनं बरोबर धरला, उलटा नाही. रेघेवरून बोट फिरवलं.

"म्हंजी कुणी सांगितलं न्हवतं त्येंला," ती म्हणाली.

मग तिनं तो कागद पूर्वीच्याच घड्यांवर दुमडला आणि सुतळी मागितली.